काळी गुंडी, पांढरी गुंडी

कडावच्या शाळेत मी मास्तरीण म्हणून रुजू झाले, त्या दिवशी माझी ट्रंक ओट्यावर टेकते न टेकते तोच घरमालकिणीने माझ्या कानात एक वस्तू घातली. घालण्याआधी ती पदराने पुसली, एवढं मात्र केलं. कानात एक बाई भातावरच्या किडीबद्दल सावकाश, समजावून बोलत होती. मी गोंधळून तशीच उभी राहिले. जरा वेळाने तिने ती वस्तू काढून घेतली, तशीच दुसरी एक पुसली आणि तीही माझ्या कानात घातली. तीच बाई, तीच कीड.

"बोल, कोनच्यात बरं ऐकू येतं?"

कर्जतपासून एसटीत उभ्याने आले होते, सकाळपासून पोटात काही नव्हतं. मी म्हटलं, दोन्हींत सारखंच. मी पुढे सगळी नोकरी नापास पोरांकडे ज्या नजरेने पाहत आले, त्या नजरेने तिने माझ्याकडे पाहिलं आणि किल्ली हातात दिली. खोली मिळाली ती तिच्या नवऱ्याने आधीच शब्द दिला होता म्हणून, हे मला नंतर कळलं.

तिला सगळं गाव काकी म्हणायचं. तिच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. उंच, हाडापेराने मोठी बाई, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, आणि शेतात असो, गोठ्यात असो की चुलीपुढे, एका कानातून निघालेली वायर पोलक्यात शिरलेली. कमरेला फडक्याच्या पिशवीत ट्रान्झिस्टर बांधलेला. सत्तर सालच्या आगेमागची गोष्ट आहे. गावात तेव्हा रेडिओ मोजकेच होते, आणि ज्यांच्याकडे होते ते लोक तो शेजाऱ्यांना ऐकू जाईल असा लावत. काकीचा रेडिओ फक्त काकीला ऐकू यायचा.

याला कारणं दोन. तिचा नवरा खोपोलीला गिरणीत रात्रपाळी करायचा आणि दिवसा झोपायचा. दुसरं कारण म्हैस. रेडिओचा आवाज आला की म्हैस पान्हा चोरायची. नवरा एक वेळ उठला तरी चालेल, पण म्हैस बिथरलेली परवडत नाही, असं काकी उघड म्हणायची आणि नवरा त्याला मान डोलवायचा.

ट्रान्झिस्टर तिच्या भावाने दिला होता. भाऊ मुंबईला गोदीत होता. त्याबरोबर कानात घालायची एक पांढरी विलायती वस्तू आली होती, टोकाला मऊ रबराची टोपी असलेली. दुकानात तिला इअरफोन म्हणत. काकी म्हणायची गुंडी. कानातलं म्हटलं की सोनार आठवतो, असं तिचं म्हणणं. पुढे तिने कर्जतच्या दुकानातून आणखी एक घेतली, एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून. ही काळी, टणक, इकडेच कुठे तरी बनलेली. तेव्हापासून काळी गुंडी आणि पांढरी गुंडी यांची तुलना हे त्या घरातलं रोजचं काम झालं.

पांढरी उजव्या कानात, काळी डाव्या कानात, हे ठरलेलं. काळी टणक आणि जाड, तिच्या उजव्या कानात ती टोचायची. डावा कान मोकळा, त्यात ती बसे. आकाराचं हे असं, आणि आवाजाचं विचाराल तर काकीचं मत ठाम होतं. "पांढरीत मानूस शेजारी येऊन बसतो. काळीत तोच मानूस अंगनात हुबा राहून बोलतो. बोलतो तेच, पन घरात येत नाय."

मी दोन्ही कानांनी दोन्ही गुंड्या ऐकल्या होत्या आणि मला काळीतला माणूससुद्धा घरातच आल्यासारखा वाटायचा. पण मी नापास झालेली. माझ्यासारखे पुष्कळ होते. पोस्टमन, दूध गोळा करणारा, एकदा तर खालापूरहून मोजणीला आलेले सरकारी साहेब. सगळ्यांच्या कानात गुंड्या जायच्या. मोजणीचे साहेब खुर्चीवर ताठ बसून, डोळे मिटून, दोन्ही वेळा बातम्या ऐकत होते, हे मी स्वतः पाहिलं आहे. शेवटी ते म्हणाले, काळी जरा खणखणीत आहे. काकीने त्यांना चहा दिला आणि ते गेल्यावर म्हणाली, "शिकलेला हाय, पन कान नाय त्याला."

तिला मात्र कान होता, हे मान्य करावंच लागेल. बाजारात सगळ्याच बायका मडकं वाजवून घेतात. काकी वाजवून झाल्यावर मडक्याला कान लावून बसायची, आवाज पुरता विरेपर्यंत. कुंभारीण कंटाळायची, पण काकीने निवडलेलं मडकं कधी पाझरलं नाही. शाळा आमच्या घराच्या कुंपणापलीकडेच होती. एका दुपारी मी घरी आले तर म्हणाली, "आज तिसरीला शिकवताना तूच भ्यालेली व्हतीस गं, मास्तरीण." भागाकार होता. मी घरून तयारी करून गेले नव्हते. शब्द तिला कळले असतील नसतील, पण माझा आवाज तिने बरोबर पकडला होता. तेव्हापासून मी तयारी न करता वर्गात गेले नाही. ट्रेनिंग कॉलेजने जे दोन वर्षांत साधलं नाही ते एका वाक्यात झालं.

तिच्या भावाच्या मुलीला बघायला पाहुणे आले, ती गोष्ट गावात फार दिवस चालली. मुलगी काकीकडेच वाढलेली, म्हणून कार्यक्रम काकीच्या ओट्यावर. मुलगा एका बड्या घरचा, नोकरीला, बूट घातलेला. पोहे झाले, सगळं जुळत आलं, आणि काकी गुंड्या घेऊन बाहेर आली. तिच्या नवऱ्याने डोळ्यांनी नको नको म्हटलं. मुलाने दोन्ही ऐकल्या, काकीच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाला, तुम्हाला जी बरी वाटते तीच बरी. सगळे हसले. काकी हसली नाही. पाहुणे गेल्यावर तिने भावाला सांगितलं, इथं पोरगी द्यायची नाही. भाऊ चिडला, दोन दिवस जेवला नाही. पुढच्या महिन्यात दुसरं स्थळ आलं, खालापूरकडचं, साधं, भातशेतीवर जगणारं. त्या मुलाने गुंड्या आलटून पालटून ऐकल्या, डोकं खाजवलं आणि म्हणाला, मला फरक कळत नाही, खरंच नाही कळत. काकी आत गेली आणि साखर घेऊन बाहेर आली.

मी विचारलं, काकी, हाही नापासच की. ती म्हणाली, "कान नसला तरी चालंल. कळत नाय ते कळत नाय म्हनतो, त्याच्याकडं पोरगी सुकात ऱ्हाईल." मुलगी सुखात राहिली. तिची मुलं पुढे खालापूरला माझ्याच शाळेत होती, म्हणून सांगते.

अशा बाईच्या हातून चूक झाली, ती या गुंड्यांवरूनच.

पांढऱ्या गुंडीची वायर एका पावसाळ्यात आतून तुटली. कर्जतला स्टेशनाबाहेर रेडिओ दुरुस्तीचं एक छोटं दुकान होतं. दुकानदार पन्नाशीचा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेला, बोलणं इतकं हळू की पुढे वाकून ऐकावं लागे. काळी गुंडी त्याच्याकडचीच. काकी त्याला शेट म्हणायची, तो तिला मावशी. त्याने वायर जोडून दिली. रबराची टोपी कुजली होती, ती टाकून प्लास्टिकची टणक टोपी बसवली आणि रबराची आता मिळत नाही म्हणून सांगितलं.

घरी आल्यावर काकीने गुंडी उजव्या कानात घातली. टोचली. मग डाव्या कानात घातली. डाव्यात बसली. बातम्या सुरू झाल्या आणि काकीचा चेहरा उतरला. माणूस शेजारी येऊन बसेना. तो अंगणात उभा होता, काळीतल्यासारखा.

तिने आठ दिवस वाट पाहिली. मग बाजाराच्या दिवशी मला घेऊन कर्जतला गेली. दुकानात पाच-सहा माणसं होती. काकीने पांढरी गुंडी काचेवर ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली की शेटने आतला विलायती माल काढून घेतला आणि काळीतला भरला. दुकानदाराने चष्मा काढला, पुसला, परत घातला. आपण आतल्या कशाला हात लावला नाही, फक्त वायर जोडली, असं त्याने सांगितलं. काकी म्हणाली, "तुमी सांगाल ते खरं, का माजा कान सांगतो ते?" तो तिच्याकडे पाहत राहिला. काही तरी बोलणार असं मला वाटलं. पण बोलला नाही. मान खाली घालून त्याने हातातलं काम पुढे चालू केलं. काकीच्या दृष्टीने ती कबुलीच होती.

काकीचा शब्द कडावात आणि आजूबाजूच्या वाड्यांत चालायचा. मडकं, म्हैस, जावई, सगळ्यांत तिचा कान खरा ठरलेला. तिने बोलायचा अवकाश, लोकांनी आपले रेडिओ कर्जतला नेणं थांबवलं. लग्नात, दुधाच्या रांगेत, एसटीत, जिथे विषय निघे तिथे ती सांगायची. कुणी नेरळला जाऊ लागलं, कुणी पनवेलला. आम्ही बाजाराला जायचो तेव्हा दुकानावरून पुढे जाताना मला दिसायचं, पूर्वी बाकावर माणसं बसलेली असत, आता बाक रिकामं.

हे पाच महिने चाललं. यातले शेवटचे पंधरा दिवस माझे आहेत, आणि ते सांगायला मला आजही बरं वाटत नाही.

झालं असं की एका दुपारी काकी ओट्यावर पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. कानात गुंडी नव्हती, रेडिओ आत होता. मी तिच्या डाव्या बाजूने आले आणि हाक मारली. उत्तर नाही. दुसऱ्यांदा मारली. ती शेंगा सोलत राहिली. मी वळसा घालून उजव्या बाजूला गेले आणि नेहमीच्या आवाजात काकी म्हटलं, तर म्हणाली, "कवा आलीस? पावलं बी वाजली नाय."

मी खोलीत जाऊन बसले. एकेक आठवू लागलं. म्हैस डावीकडून हंबरली तरी ती उजवीकडे वळून पाहायची. दोघी चालताना ती मला नेहमी आपल्या उजव्या हाताला घ्यायची. काळी गुंडी कायम डाव्या कानात. पांढरी दुरुस्त होऊन आल्यापासून तीही डाव्या कानात. पाटीवर गणित मांडावं तसं सगळं समोर दिसत होतं. तरी मी पंधरा दिवस बोलले नाही. ज्या बाईचं सगळं मोठेपण कानावर उभं, तिला तिचा कान गेलाय हे कुणी सांगायचं? शिवाय खोली तिची होती, हेही खरं. रोज उद्या सांगू म्हणायचे.

शेवटी बोलले ते पुढच्या बाजाराला दुकानदार दिसला म्हणून. तो बाकावर एकटाच बसला होता. काकीला पाहून त्याने हात जोडून नमस्कार केला. काकीने तोंड फिरवलं. घरी आल्या आल्या मी म्हटलं, "काकी, एकदा कान बदलून ऐका. काळी उजव्या कानात घाला."

"टोचते ती."

"टोचू दे. एकदाच."

तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, त्या क्षणीच तिला कळलं. पण कळलं म्हणून ती थांबणारी नव्हती. ओट्यावर बसून तिने काळी गुंडी उजव्या कानात दाबून घातली. डोळ्यांत पाणी येण्याइतकी टोचली असावी. ऐकलं. मग काढून पांढरी त्याच कानात. मग पांढरी डाव्यात, मग काळी डाव्यात. भजनांचा कार्यक्रम चालू होता. तिने चारही प्रकार पुन्हा केले, आणि तिसऱ्यांदा केले. कुठल्याही पाहुण्याला तिने इतकं ऐकवलं नव्हतं. भजन संपलं, बाजारभाव सुरू झाले. मग तिने वायर गुंडाळली, रेडिओ पिशवीत घातला आणि म्हशीला पेंढा टाकायला गेली.

तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. भाकरी दाराशी ठेवून जायची. मी दुसऱ्या खोलीची चौकशी करायच्या बेतात होते.

चौथ्या दिवशी सकाळी तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं आणि मला म्हणाली, चल. शाळेला सुट्टी होती. कर्जतला उतरून आम्ही दुकानाशी गेलो. दुकानात कुणी नव्हतं, दुकानदार एकटा. मला वाटलं, बरं झालं. पण काकी आत गेली नाही. समोरच्या वडाच्या पारावर जाऊन बसली. मी म्हटलं, काकी, आत्ता बोला की, कुणी नाही. ती म्हणाली, "गर्दीत बोलले व्हते. गर्दीतच बोलाया पायजे."

पण गर्दी होईना, कारण गर्दी तिनेच थांबवली होती. आम्ही तासभर पारावर बसलो. मग मी पाहतच राहिले. ती उठली, शेजारच्या पानवाल्याला, सायकलवाल्याला, दोन हमालांना आणि भाजी घेऊन निघालेल्या एका ओळखीच्या बाईला बोलावून तिने दुकानापुढे उभं केलं. गर्दी स्वतः जमवली. मग आत जाऊन पांढरी गुंडी काचेवर ठेवली, त्याच जागी, आणि म्हणाली, "शेट, तुमचं काम बरोबर व्हतं. गुंडी बरोबर हाय. माजा डावा कान गेलाय. मी तुमाला चोर बोलले ते खोटं."

 दुकानदाराने स्टूल पुढे सरकवलं. काकी बसली नाही. तो हळू आवाजात म्हणाला, "मावशी, मला त्याच दिवशी वाटलं होतं. बोलताना तुम्ही उजवा कान पुढे करता."

"मंग बोलला का नाय?"

"माणसं होती."

यावर काकी जशी संतापली, तशी मी तिला आधी कधी पाहिली नव्हती. माफी मागायला गेलेली बाई त्याच्यावर कडाडली. पाच महिने मी तुमच्या नावाने बोंबलत फिरले, तुमचं गिऱ्हाईक गेलं, आणि तुम्ही माझी लाज राखत बसलात? माझ्या लाजेपायी मला पाच महिने खोटं बोलत ठेवलंत? दुकानदार खाली पाहत होता. मीही खाली पाहत होते, कारण त्यातले पंधरा दिवस माझ्या वाट्याचे होते आणि तिला ते ठाऊक नव्हतं. परतताना एसटीत मी सांगितलं.  ती म्हणाली, "तू पंदरा दिसांनी तरी बोललीस." त्या विषयावर आमच्यात पुन्हा बोलणं झालं नाही.

त्यानंतर ती घरोघर फिरली. कुणाकुणाला आपण सांगितलं होतं ते आठवून आठवून ती एकेका दारात गेली. दुधाच्या रांगेत उभी राहून सांगितलं. एसटीच्या कंडक्टरला सांगितलं. लोक म्हणायचे, जाऊ दे काकी, काय एवढं. तिला ते जाऊ दे नको होतं. तिला, शेटकडं रेडिओ नेशील ना, याला हो हवं होतं.

शेवटी राहिली तिची मामेबहीण. ती वर ठाकुरवाडीला राहायची, तिचा नवरा घाटात रेल्वेच्या रुळांवर कामाला होता. एका लग्नात काकी तिच्याजवळ बोलली होती. मी म्हटलं, पत्र टाकू. काकी म्हणाली, तोंडाने बोलले ते तोंडानेच. आम्ही कर्जतहून पॅसेंजरने घाट चढून गेलो. गाडी तिथे जेमतेम थांबायची. काकीने आधी मला खाली ढकललं, मग स्वतः उतरली. बहिणीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, कोण शेट? तिला काही म्हणता काही आठवत नव्हतं. तिच्या घरी रेडिओसुद्धा नव्हता.

"एवड्यासाटी आलीस व्हय गं, आक्का?"

"तुला याद नसंल. मला हाय," काकी म्हणाली.

बहिणीने तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी दिली. खाली दरीत ढग होते. काकी दोन भाकऱ्या जेवली. माझ्याशी न बोललेल्या त्या तीन दिवसांनंतर तिला पोटभर जेवताना मी तेव्हाच पाहिलं.

आता तिच्या जावेबद्दल सांगायला हवं. इतका वेळ मी तिचं नाव काढलं नाही, कारण त्या घरात तिचं नाव कुणी काढत नसे. घर दोघा भावांत वाटलेलं. एका भिंतीच्या अलीकडे काकी, पलीकडे थोरली जाऊ, विधवा, एकटी. दोघींची दारं एकाच ओट्यावर उघडायची आणि नऊ वर्षं त्या एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. मी राहायला गेले तेव्हापासून मी थोरलीचा आवाज ऐकला नव्हता. अबोल्याचं कारण काकीनेच मला सांगितलं होतं. नऊ वर्षांपूर्वी दुपारच्या वेळी तिची म्हैस अडली, रेडकू आडवं आलं. नवरा तेव्हा दिवसपाळीला, कामावर. ओढायला दुसरा हात हवा होता. काकीने गोठ्यातून जावेला हाका मारल्या, दहा, वीस, कितीतरी. जाऊ भिंतीपलीकडे होती. आली नाही. म्हैस वाचली, रेडकू गेलं.

ठाकुरवाडीहून आल्याला दोन-चार दिवस झाले. मग काकी मला म्हणाली, "मास्तरीण, ती भैरी असंल का गं?"

 तिच्या मनात ते पक्कं बसत गेलं. आपला कान गेला आणि आपल्याला वर्षानुवर्षं कळलं नाही; मग तिचाही गेला असेल, हाका तिला ऐकूच आल्या नसतील, आणि आपण नऊ वर्षं एका बहिऱ्या बाईवर राग धरून बसलो. हा विचार तिला झोपू देईना. एका संध्याकाळी तिने दोन्ही गुंड्या आणि रेडिओ घेतला आणि जावेच्या दारात गेली. मला मागे ये म्हणाली. एकटीने जायची हिंमत नसावी.

थोरली तांदूळ निवडत होती. काकीला दारात पाहून तिचे हात थांबले. काकी काही न बोलता समोर बसली, गुंडी पदराने पुसली आणि जावेच्या उजव्या कानात घातली. थोरलीने घालू दिली. मग डाव्या. मग दुसरी गुंडी, पुन्हा दोन्ही कानांत. काकीने रेडिओचा आवाज अगदी बारीक केला, आणखी बारीक केला. प्रत्येक वेळी भुवया उंचावून विचारायची, आणि थोरली मान हलवायची, येतं. आवाज इतका बारीक झाला की मला वाटतं रेडिओ बंदच होता. तेव्हा तिने मान नकारार्थी हलवली. मग तिने स्वतःच कानातली गुंडी काढून काकीच्या हातात ठेवली.

"माजे कान चांगले हायत," ती म्हणाली. नऊ वर्षांत न वापरलेला आवाज, जरा घोगरा. "त्या दिशी बी चांगले व्हते. तुज्या सगळ्या हाका ऐकल्या मी. वाटनीचा राग व्हता म्हनून आले नाय. रेडकू गेल्याचं कळलं, तवापास्नं तोंड दावायची लाज वाटली."

   काकीच्या चेहऱ्यावर आधी राग आला, तो मी ओळखला. मग तो गेला, आणि त्या जागी काय आलं याला मला शब्द नाही. तिने जावेच्या मांडीवरचं सूप आपल्याकडे ओढलं आणि तांदूळ निवडायला लागली.

"रेडी व्हती ती," ती म्हणाली. "कपाळावर चांदवा व्हता."

थोरली म्हणाली, "म्हाईत हाय. भिंतीवरनं बगितली मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघींचं ओट्यावर कडाक्याचं भांडण झालं. नऊ वर्षांचं साचलेलं. काकीचा नवरा रात्रपाळी करून आलेला, तो अंथरुणावर उठून बसला, जरा वेळ ऐकलं, आणि मला म्हणाला, आज झोप चांगली लागेल.

मी कडावला आणखी चार वर्षं होते. मग खालापूरला बदली झाली, लग्न झालं, संसार वाढला. काकीचा दुसरा कानही हळूहळू उतरत गेला. तिने ते लपवलं नाही. आलेल्या माणसाला सांगायची, ह्या बाजूला बस, जवळ बस, आणि मोठ्याने बोल, लाजू नको. यंत्र घ्या म्हणून भाचजावयाने आग्रह केला. तिने महिनाभर वापरून पाहिलं आणि परत दिलं. त्यात भांड्यांचा आवाज माणसाइतकाच मोठा येतो, हे काही खरं नाही, असा निकाल दिला.

शेवटची भेटले ती ऐंशी सालानंतर, दिवाळी उलटून गेल्यावर. काकीचा नवरा तोवर वारला होता. ओट्यावर दोघी जावा शेजारी शेजारी बसल्या होत्या. गुंडी थोरलीच्या कानात होती. ती बातम्या ऐकायची आणि काकीच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन एकेक बातमी ओरडून सांगायची. काकी मान डोलवत ऐकत होती. मला पाहून तिने हात धरून बसवून घेतलं. मी मोठ्याने विचारलं, जाऊबाई बातम्या नीट सांगतात का?

"सांगते बरी," काकी म्हणाली, ऐकू न येणाऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात. "पन कुटं कोन मेलं, बुडलं, ते गाळते. मला सांगत नाय."

"गाळते हे तुम्हाला कसं कळतं?"

"तवा ती बोलत नाय, नुसती थांबते. तिचा श्वास लागतो ना इतं." तिने मानेवर, कानाखाली बोट ठेवलं. "येगळा लागतो."

थोरली मला म्हणाली, हिचं काही मनावर घेऊ नका, बाई. आणि गुंडी नीट बसवून ती पुन्हा काकीच्या कानाशी वाकली.